दोडक्याचा पहिला घास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मायला तर नाहीच. आता सांगायला बसले आहे तर जमेल तसं सांगते. आठवीतून शाळा सुटली, लिहायची सवय मोडली. कुठं अडखळले तर ते सगळंच शब्द न सापडल्यामुळं असेल असं नाही. काही ठिकाणी मला पुढं जायचंच नसेल.

मी लातूर जिल्ह्यातली, जळकोट तालुक्यातल्या एका लहान गावची. आता राहते लांब, मावळात, गुलाबाच्या शेडांवर. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणतो. त्यांची धाकटी पोर परवा मोबाईल घेऊन माझ्याकडं पळत आली. तिच्या शाळेचं कोकणातल्या एका शाळेशी व्हिडिओवर बोलणं झालं होतं. त्यांची परसबाग, ह्यांची परसबाग. त्यांच्यात अळू आहे, आमच्यात का नाही, त्यांच्या शाळेत बेडूक येतात — पोर नुसती सांगत सुटली होती. मी छान छान म्हणाले आणि काम नसताना पलीकडच्या शेडात निघून गेले.

तिला काय माहीत? कुणालाच काय माहीत?

आमच्या शाळेतही असंच होतं. मी सातवीत होते. आमचे सर आणि किनवटकडच्या एका आश्रमशाळेतल्या मॅडम पूर्वी एकत्र शिकलेले. त्या दोघांनी ठरवलं की शनिवारी, सकाळच्या शाळेत, दोन्हीकडच्या पोरांनी मोबाईलवर बोलायचं. आपापली बाग दाखवायची, आपापलं गाव सांगायचं. नांदेड काय, लातूर काय — शेजारचे जिल्हे. पण आम्हाला ती पोरं परदेशातली वाटायची. त्यांच्याकडं जंगल होतं. त्यांच्या मिरच्या मोर खाऊन जायचे. शाळेजवळून रेल्वे जायची आणि घड्याळ न बघता ती पोरं रेल्वेवरून वेळ सांगायची. आमच्यातल्या बऱ्याच पोरांनी रेल्वे पाहिलेली नव्हती. गाडी आली की त्यांची मॅडम मोबाईल खिडकीबाहेर धरायची आणि आम्ही सगळे तो डब्यांचा आवाज ऐकत गप्प बसायचो.

त्यांना आमचं नवल वाटायचं. जंगू नावाची एक पोरगी होती, गोंड, वेणी घट्ट बांधलेली, सगळ्यांत पुढं बसायची. तिनं विचारलं, तुमच्याकडं झाडंच नाहीत तर जळण कुठून आणता? आम्ही तुराट्यांची गंजी दाखवली. ती हसायलाच लागली. “एवढ्या काड्यांवर भात शिजते का तुमचा?” आमचा एक पोरगा म्हणाला, “भात न्हाई गं, आम्ही भाकरी खातो.” तिकडं सगळे खिदळले, इकडंही खिदळले. आमच्यातल्या कुणीतरी एकदा विचारलं, तुम्ही वसतिगृहात राहता, घरची आठवण येत नाही का? तेव्हा मात्र मॅडमनी लगेच वांगी दाखवायला घेतली.

बघा, मी गोड गोड सांगत बसले. मुद्द्यापासून लांबच चालले आहे.

परसबागेत सरांनी दोघादोघांत एकेक वाफा वाटून दिला होता. तिथली भाजी दुपारच्या खिचडीत पडायची. मला आणि सुजाताला मिळाला कोपऱ्यातला वाफा, जिथं पोरं ताटं धुवायची. कायम चिखल, खरकटं, माशा. मी नाक मुरडलं आणि त्या कोपऱ्यात पाय ठेवला नाही. सगळं सुजातावर पडलं. ती बौद्ध वस्तीतली. आमच्या गल्लीत त्या वस्तीला अजून जुन्या नावानंच हाक मारतात. ते नाव मी इथं लिहीत नाही. पण तेव्हा मीही तेच नाव घ्यायचे, हे खरं.

संक्रांतीनंतर शाळेचा हापसा आटला. ताटं धुवायला टाकीतलं थोडंथोडं पाणी मिळायचं. बाकीचे वाफे वाळायला लागले. सुजातानं आमच्या वाफ्यात दोडका लावला. आज्याच्या शेळ्यांच्या लेंड्या आणून घातल्या, चुलीची राख टाकली, कुंपणाच्या तारेवर सुतळी बांधून वेल वर चढवला. आणि पाणी? पाणी ती आमच्या बोअरवरून न्यायची. सकाळी, शाळेच्या आधी, एक घागर.

ते पाणी कसं मिळायचं, तेही सांगायला हवं. आमच्या घरामागं हौद होता. हौदाला सुजातानं हात लावायचा नव्हता. असं कुणी तिला म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. माय मोटर चालू करून पाइप वरून धरायची, सुजाता खाली घागर धरायची. घागर भरली की ती बाजूला ठेवून गोठ्यातलं शेण उचलायची, उकिरड्यावर टाकायची आणि मग घागर घेऊन जायची. शेण उचल असंही तिला कुणी म्हणालं नव्हतं. राहू दे, असंही कुणी कधी म्हणालं नाही. मी ओट्यावर वेणी घालत हे रोज बघायचे.

शाळेत मोबाईलला रेंज यायची ती फक्त ताटं धुवायच्या कोपऱ्यात. म्हणून शनिवारी सर तिथंच खुर्ची मांडायचे आणि मोबाईल टॉवेलानं तिच्या पाठीला बांधायचे. माझं वाचन स्वच्छ म्हणून बोलायला मला पुढं बसवायचे. माझ्या मागं तो वेल. बाकी सगळी बाग पिवळी पडलेली आणि हा तारेभर पसरलेला, पिवळीधम्मक फुलं अंगावर घेऊन.

जंगू म्हणाली, “एवढा मोठा वेल कुणी लावला?”

सुजाता तेव्हा पलीकडं सरांच्या सांगण्यावरून पताका बांधत होती. तिला ऐकू येत होतं. मला माहीत होतं की तिला ऐकू येतंय.

मी म्हणाले, “मी लावला. सुजाता पाणी आणते.”

किती सहज निघालं तोंडातून. कुणाचं तरी आधीच पाठ केलेलं असावं तसं. सरांकडं दोन वर्ग, शिवाय वरची कामं. त्यांना वाफा दोघींचा एवढंच ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली. बाकीच्या पोरांना कळलं नाही का? कळलं. आमच्या गल्लीतली पोरं माझ्याविरुद्ध बोलणार नव्हती. सुजाताच्या वस्तीतला एक पोरगा काहीतरी पुटपुटला, तेव्हा तिनंच त्याच्या शर्टाला धरून ओढलं.

इथपर्यंतचं मी कधीकधी स्वतःला सांगते. सांगून वर समजूतही घालते — लहान होतीस, वाफा दोघींच्या नावावर होता, पाणी तर आपल्याच बोअरचं होतं. सुजाता गप्प बसली, ती स्वभावानंच गरीब होती. असं म्हणून कितीतरी दिवस मी सुखानं झोपले आहे.

पण ती आपणहून गप्प बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वेलाला रविवार नसतो, सुजाता घागर घेऊन आली. माय भाकरी थापत होती. मी म्हणाले, आज मी भरते. मोटर चालू केली, पाइप हातात घेतला. सुजातानं घागर धरली. मी पाइप मध्येच दुमडून धरला. पाणी थांबलं. पाइप माझ्या मुठीत फुगायला लागला, एखादं जनावर धरावं तसा. घागर कोरडी, ती वाकलेली, मी वर उभी.

मी विचारलं, “सरांना सांगशील का?”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पाइपाकडं बघत होती.

“काय सांगू? वेल तुझाच हाय की.”

मी मूठ सैल केली. पाणी घागरीत पडलं, थोडं तिच्या पायांवर उडालं. घागर भरल्यावर तिनं ती बाजूला ठेवली आणि गोठ्यात जाऊन रोजच्यासारखं शेण उचललं.

हे आहे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. खोटं बोलणं एक वेळ जीभ घसरून होतं. पण पाइप दुमडताना हात घसरत नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मला बरोबर माहीत होतं की तिच्याशी काय केलं म्हणजे ती बोलणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला हे कुठून माहीत असतं? मला होतं.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही.

होळीच्या सुमाराला पहिला दोडका धरला. मोबाईलवर सगळ्यांनी बघितला. तेव्हा जंगूनं त्यांच्या घरची रीत सांगितली. नवं पीक आलं की ते असंच नाही खात. आधी देवाला दाखवायचं. मग ज्याच्या हातानं लावलं त्यानं पहिला घास खायचा. त्यानं तोंडात घातल्याशिवाय घरात दुसरं कुणी त्याला हात लावत नाही, म्हातारीकोतारीसुद्धा थांबतात. सरांना ही रीत फार आवडली. म्हणाले, आपणही असंच करू, पुढच्या शनिवारी, जंगूच्या समोर.

त्या शनिवारी खिचडी करणाऱ्या मावशीनं दोडका चिरून तेल-तिखटावर परतला आणि एका ताटलीत आणला. दोन्ही शाळा बघत होत्या. सर म्हणाले, लावणाऱ्यानं पुढं यावं. मावशी कोपऱ्यातच ताटं घासून घ्यायची, तिला सगळं ठाऊक होतं. तिनं ताटली सरळ सुजाताकडं नेली. “सुजे, ये की माय. आं कर.”

मला बोलावंच लागलं नाही.

सुजाता एक पाऊल मागं सरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कन्यानं लावलाय, मावशी.”

माझं नाव शिवकन्या. गावात सगळे कन्या म्हणतात. मावशी माझ्याकडं वळली. तिनं माझ्याकडं कसं बघितलं ते मी लिहीत नाही. मी फोड उचलली आणि तोंडात घातली. तिकडून जंगूनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. तो घास मला कडू लागला, गिळवला नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. चांगला लागला. मी दुसरी फोडही घेतली.

सोमवारी सुजाता पाण्याला आली नाही. मंगळवारीही नाही. मायनं विचारलं, ती पोरगी का येईना? मी म्हणाले, मला काय माहीत. गोठ्यातलं शेण आता मला उचलावं लागलं. एक दिवस मी स्वतः बादली घेऊन निघाले. अर्ध्या रस्त्यात आमच्या भावकीतल्या बाया भेटल्या, म्हणाल्या, काय गं, तू कुणासाठी पाणी वाहायलीस? मी बादली तिथंच बाभळीच्या बुडाला ओतली आणि परत फिरले. बोअर आमचं, घर आमचं, शाळा हाकेच्या अंतरावर. माझ्याच्यानं एक वेल जगवला गेला नाही. तेव्हाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पानं आधी खाली लोंबली, मग कडेनं जळली, मग हात लावला की चुरा व्हायला लागला.

शनिवारी जंगूचा चेहरा मोबाईलवर आला आणि ती ओरडलीच. “अगं, वेलाला काय झालं? तू काय करून राहिली होती?”

आता तरी सांगायचं होतं ना? तिथं तरी?

मी म्हणाले, “पाणी आणायचं काम सुजाताचं होतं. तिनं सोडून दिलं.”

सर सुजाताकडं वळले. का आणलं नाहीस, विचारलं. ती उभी राहिली. तिच्याकडं सांगायला सगळं होतं. ती म्हणाली, “इसरले, सर.”

सर वाईट माणूस नव्हते. पण त्यांना राग आला. एकीनं राबून लावलं आणि दुसरीच्या आळसानं गेलं, असं ते मोबाईलसमोरच बोलले. दोन जिल्ह्यांची पोरं ऐकत होती. सगळ्यांत वाईट काय झालं सांगू? जंगू मनानं फार चांगली पोरगी होती. ती सुजाताला समजुतीनं म्हणाली, “असं नाही करायचं, सुजाता. झाडाला पण जीव असते.” सुजातानं मान खाली घालून “हाव” म्हटलं. त्यानंतर शनिवारी ती बाहेर येईना. वर्ग झाडते म्हणून आत थांबायची. तिकडची पोरं आमच्या गावाबद्दल बोलायची, रेल्वेचा आवाज ऐकवायची, आणि आतून खराट्याचा आवाज यायचा.

पुढच्या वर्षी मायच्या पाठीचं दुखणं वाढलं. घर कोण बघणार, म्हणून माझी शाळा सुटली. सुजाता जळकोटला जायला लागली, एसटीनं. मी ओट्यावरून बघायचे. ती हात करायची. मी कधी करायचे, कधी आत जायचे.

लग्न होऊन इकडं आले तेव्हा मला तिसरा महिना होता. शेडांवर नव्या बायकांना फुलांच्या भरलेल्या बादल्या उचलायला लावतात. मला ते झेपलं नसतं, आणि काम नको म्हणायचीही सोय नव्हती. काकूंनी विचारलं, झाडांचं काही येतं का गं तुला? मी म्हणाले, शाळेत माझा दोडक्याचा वेल होता. दुसऱ्या जिल्ह्यातली पोरं तो बघायची. आणि मग थांबलेच नाही. लेंड्या कुजवून कशा घालायच्या ते सांगितलं, मावा पडला की राख कशी आणि कधी टाकायची, सुतळी कुठं बांधली म्हणजे वेल तुटत नाही. सगळं सांगितलं. सुजाता करत होती आणि मी नाक धरून लांबून बघत होते, ते सगळं मी माझं म्हणून सांगितलं. काकू खूश झाल्या. त्यांनी मला कलमांच्या शेडात घेतलं. सावलीत, बसून करायचं काम. लेकरू झालं तेव्हा तिथंच झोळी बांधू दिली. दुखण्याखुपण्याला गाडी दिली, स्वतःच्या घरचं तूप दिलं. इतकं कुणी करत नाही हो परक्यासाठी. त्यांचं नाव काढलं तरी माझे डोळे भरून येतात. आणि रोज भीती वाटते की एक दिवस त्या अचानक म्हणतील, कन्या, तो वेल खरंच तू लावला होतास का? त्यांनी विचारलं तर मी काय सांगेन, हे मला आजही माहीत नाही. खरं सांगेन, असं लिहायला हात होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेले होते. परत निघताना जळकोटच्या स्टँडवर, भर दुपारी, कुणीतरी मागून हाक मारली. सुजाता होती. उदगीरला एका दवाखान्यात काम करते, करत करत शिकतेही. अंगानं भरली आहे, चष्मा लागला आहे. तिनं काही न विचारता माझं लेकरू माझ्याकडून घेतलं आणि कडेवर बसवलं. ते परक्याकडं जात नाही, पण तिच्याकडं गेलं. पदरानं तिनं त्याचं नाक पुसलं. मला पाण्याची बाटली दिली, आधी तू पी म्हणाली.

आम्ही दोघीच होतो. माझी गाडी लागायची होती. मला वाटलं, आता. एवढी वर्षं जे घशात आहे ते आता. मी तोंड उघडलंही असेल.

तिनंच विचारलं, “तिकडं काय करायलीस गं?”

मी सांगितलं, गुलाबाची कलमं बांधते.

“सावलीत?”

“सावलीत.”

“आन् असं काम मिळालं कसं गं तुला?”

खरं उत्तर तिच्याच नावाचं होतं. ती समोर उभी होती, माझं पोर तिच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होतं. मी म्हणाले, “ह्यांच्या वळखीनं मिळालं.”

तिनं पोराला अलगद माझ्या हातात दिलं.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “तुझं चांगलं झालं.”

मी हो म्हणाले.